थेंब घालायच्या आधी

अगं, मेडिकलमधून आणलेली ती बाटली जरा बाजूला ठेव आणि ओवीला खिडकीशी उजेडात घेऊन बस. डोळा नीट बघितल्याशिवाय त्यात काही घालायचं नाही, हे मी तुला मोठी बहीण म्हणून हक्काने सांगते आहे. डोळे आल्यावर थेंब चार तास उशिरा पडले म्हणून कुणाचं काही बिघडल्याचं मी नेत्रविभागात इतकी वर्षं काढून पाहिलेलं नाही. चुकीच्या बाटलीने बिघडलेले डोळे मात्र पुष्कळ पाहिलेत.

सकाळी उठली तेव्हा तिच्या पापण्या चिकटलेल्या होत्या का? दोन्ही डोळ्यांच्या? ओल्या कापसाने चिपडं मऊ करून सोडवाव्या लागल्या का? पिवळसर, हिरवट, घट्ट पू येतो का, आणि पुसला तरी थोड्या वेळाने पुन्हा कोपऱ्यात जमतो का? शिवाय खाज फारशी नाही, नुसतं वाळू गेल्यासारखं टोचतंय असं ती म्हणते का? असं सगळं जुळत असेल तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता बरीच मोठी. अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होतो तो इथे.

विषाणूचे डोळे वेगळे दिसतात. त्यात पू कमी आणि पाणी जास्त. आदल्या दोन-तीन दिवसांत सर्दी, घसा, थोडी कणकण झालेली असते. आधी एक डोळा लाल होतो, मग दुसरा. कानाच्या पुढे बोट फिरवलंस तर वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागू शकते. आणि ॲलर्जी असेल तर खाज इतकी सुटते, की मूल मुठीने डोळे चोळत राहतं. कोपऱ्यातून ओढला तर धाग्यासारखा लांबणारा चिकटा निघतो, ताप वगैरे काही नसतो. या दोन्हींवर अँटिबायोटिक चालत नाही. विषाणूला ते मारत नाही आणि ॲलर्जीत मारण्यासारखा जंतूच नसतो.

नुसतं बघून शंभर टक्के ओळखता येतं असं मात्र समजू नकोस. अनुभवी डॉक्टरांनाही कधी कधी येत नाही, कारण खुणा एकमेकांत मिसळतात. म्हणून हे तुला निदान करायला सांगत नाही. डॉक्टरांसमोर बसशील तेव्हा ‘डोळे आलेत’ एवढंच न सांगता नेमकं काय दिसलं ते सांगता यावं, म्हणून सांगते आहे. त्यांचं निम्मं काम तिथेच होतं.

लहान मुलांमध्ये जिवाणूंमुळे डोळे येण्याचं प्रमाण जास्त असतं, मोठ्या माणसांत विषाणूंमुळे. त्यामुळे ओवीला डॉक्टरांनी थेंब दिले आणि तुझ्या नवऱ्याला दिले नाहीत, तर रागावू नकोस आणि तिची बाटली त्याच्या डोळ्यात रिकामी करू नकोस. एकाच घरात, एकाच आठवड्यात दोघांचे डोळे दोन वेगळ्या कारणांनी लाल असू शकतात. आणि कारण एकच असलं तरी बाटली एकाचीच. तिचं टोक पापणीला लागतं, जंतू टोकावर बसतात आणि पुढच्याच्या डोळ्यात जातात.

2023 च्या पावसाळ्यातली साथ आठवते ना? जुलैत आळंदीतल्या शाळकरी मुलांचे डोळे भराभर आले आणि मग राज्यभर पसरलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत नमुने तपासले तेव्हा त्यात एंटेरोव्हायरस सापडला, म्हणजे विषाणूच. 1971 साली बांगलादेशच्या युद्धाच्या काळात बंगालमध्ये डोळ्यांची अशीच मोठी साथ आली होती; तिकडचे लोक अजून त्या दुखण्याला ‘जॉय बांगला’ म्हणतात. अशा साथीत लाल डोळा दिसला की अँटिबायोटिक, असं करण्यात काही अर्थ नसतो. गार पाण्याच्या घड्या, स्वच्छता आणि धीर यांनीच ते डोळे बरे होतात. त्या वेळी आणलेली बाटली तुमच्या फ्रीजच्या दारात अजून असेल तर आजच फेकून दे. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात, मग छापलेली मुदत दोन वर्षं पुढची का असेना. ती मुदत बंद बाटलीची. सील तोडल्यापासून वेगळा हिशोब सुरू होतो, म्हणून नवी बाटली उघडशील तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख लिहून ठेव.

आता अँटिबायोटिक थेंब खरंच किती उपयोगी, तेही ऐक. जिवाणूंमुळे आलेले साधे डोळे औषध न घालताही बरेचदा आठवडा-दहा दिवसांत बरे होतात. जगभरच्या चाचण्या एकत्र करून आढावा घेणारी कोक्रेन म्हणून संस्था आहे. तिच्या 2023 च्या आढाव्यात असं दिसलं, की उपचार संपेपर्यंत औषध नसलेले थेंब घालणाऱ्या 100 जणांपैकी साधारण 55 बरे झाले आणि अँटिबायोटिक घालणाऱ्यांपैकी 68. म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. आजार थोडा लवकर आटोपतो, पू लवकर थांबतो, दुसऱ्याला लागण्याचा काळ कमी होतो. शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी आणि नोकरी करणाऱ्या आईसाठी हे कमी नाही, म्हणून डॉक्टर देतात आणि बरोबरच करतात. फक्त एक डोस चुकला तर मध्यरात्री दचकून उठायची गरज नाही. आठवला की घाल, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून दे, दोन वेळचं एकदम घालू नकोस.

नावं माहीत असू देत. बहुतेक वेळा मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन लिहून देतात; कधी ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कधी क्लोरॅम्फेनिकॉल. आपल्या लहानपणी आई ते छोट्या कॅप्सुलसारखं मलम सुईने टोचून डोळ्यात पिळायची, ती क्लोरॅम्फेनिकॉलची ॲप्लिकॅप. मॉक्सिफ्लॉक्सासिन साधारणपणे दिवसातून तीन वेळा, आठवडाभर देतात; टोब्रामायसिन जास्त वेळा घालावं लागतं. पण वेळा आणि दिवस तुझ्या चिठ्ठीवर असतील तेच पाळ, माझे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पू कमी झालेला दिसला पाहिजे. तसं दिसलं नाही, किंवा थेंब घातल्यावर पापण्या उलट जास्त सुजायला, खाजायला लागल्या, तर त्या औषधाचंच वावडं असू शकतं. मग थेंब वाढवायचे नाहीत, परत दाखवायचं.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, त्यामुळे इथे जरा थांबून ऐक.

तुझ्या हातातल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाच. ब्रँडचं मोठं नाव नाही, त्याच्याखालची औषधांची नावं. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसतंय का? दिसत असेल तर त्या बाटलीत स्टेरॉइड आहे. आपल्याकडे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब सर्रास मिळतात. बरेचदा साध्या थेंबांचं आणि या थेंबांचं नाव सारखंच असतं, शेवटी एखादं इंग्रजी अक्षर तेवढं जास्त. काउंटरवरच्या पोऱ्याने घाईत हे दिलं काय आणि ते दिलं काय, तुला कळणारही नाही. हे थेंब चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत असा नियम आहे, आणि तरी लोक नुसतं ‘डोळे आलेत’ म्हणतात आणि बाटली हातात पडते.

स्टेरॉइड घातलं की लाली झटकन उतरते. दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र. घरातले सगळे खूश, आणि ती बाटली घराची लाडकी होऊन बसते. पण लाली म्हणजे शरीराची जंतूंशी चाललेली झुंज असते, आणि स्टेरॉइड ती झुंजच थांबवतं. आत नागिणीच्या जातीचा हर्पीसचा विषाणू असेल किंवा बुरशी असेल, तर तिला मोकळं रान मिळतं. वरून डोळा शांत दिसतो आणि बुबुळ आतून पोखरलं जातं. आणि आठवडे, महिने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो.

ॲलर्जीची मुलं यात सगळ्यात जास्त सापडतात, विशेषतः मुलगे. दर उन्हाळ्यात डोळे खाजतात, आई-बाप मागच्या वर्षीचीच बाटली पुन्हा आणतात, मुलाला बरं वाटतं, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. मग दहावी-अकरावीत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चष्म्यासाठी येतात. तपासणीत कळतं की चष्म्याचा प्रश्न नाही, नस सुकत चाललीय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, गं. त्या आयांना ते सांगताना आमच्या डॉक्टरांचा आवाज खाली जातो. त्या बायांनी लेकराच्या प्रेमापोटीच ते थेंब घातलेले असतात. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं माझं म्हणणं नाही. डोळ्यांच्या कितीतरी आजारांत तेच नजर वाचवतं. पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुबुळ बघून द्यायचं आणि दाब मोजत मोजत बंद करायचं. डोळे आल्यावर घरच्या घरी तर मुळीच नाही.

तुझे सासरे अजून ऊस तोडताना फडात उभे असतात, म्हणून त्यांच्यासाठीही सांगते. उसाचं पान, ज्वारीचं धाट, कडबा, मळणीतलं कूस असं काही डोळ्याला लागलं आणि दोन-चार दिवसांनी डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर ते ‘डोळे आले’ नव्हे. पाल्यापाचोळ्याच्या जखमेतून बुबुळात बुरशी शिरते. तिच्यावर ओवीचे अँटिबायोटिक थेंब काही करत नाहीत. तिला नॅटामायसिनसारखं बुरशीचं औषध लागतं, तेही आठवडे आठवडे, तासातासाला. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर गावातल्या जाणत्याकडून डोळा चाटून किंवा कचरा काढून घेत बसायचं नाही. त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. उशीर झाला तर जखम भरते, पण मागे फूल पडतं, आणि ते मधोमध पडलं तर बुबुळ बदलल्याशिवाय दिसत नाही.

नणंदेचं बाळ घरात आहे ना, किती दिवसांचं झालं? महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू आला तर घरी थेंब नाहीत, अंगावरचं दूध पिळणं नाही, काजळ नाही. त्याच दिवशी दवाखान्यात. जन्मताना आईकडून आलेले काही जंतू दिवसाभरात बुबुळ फोडू शकतात आणि त्यांना इंजेक्शन किंवा पोटातून औषध लागतं, नुसत्या थेंबांनी भागत नाही. 1880 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसूतिगृहात क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली, ती याच दुखण्यासाठी. त्याआधी कितीतरी मुलं पाळण्यातच आंधळी व्हायची. बाळाचा डोळा नुसताच ओला आणि थोडा चिकट असेल, पांढरा भाग स्वच्छ असेल, तर बहुधा अश्रूंची नळी अजून उघडलेली नसते. त्यावर डॉक्टर नाकाच्या बाजूने हलका मसाज शिकवतात, आणि बहुतेक बाळांची नळी वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. पण हे की ते, हे डॉक्टरांनाच ठरवू दे.

चल, आता ओवीला थेंब कसे घालायचे ते. डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी आणलीस असं धरून सांगते.

आधी हात साबणाने धू. मग चिपडं काढ. पाणी उकळून गार केलेलं, कापूस स्वच्छ, आणि पुसायचं नाकाकडून कानाकडे, एका बोळ्याने एकदाच, मग तो बोळा कचऱ्यात. पू तसाच ठेवून वरून थेंब घातले तर औषध पुवातच अडकतं. तुझा पदर किंवा ओढणी यात कुठेही येऊ देऊ नकोस.

तिला उताणी झोपव. डोळे उघडायला तयार नसेल तर झटापट करू नकोस, त्याने पुढच्या वेळी ती बाटली बघूनच पळेल. डोळे मिटलेलेच असू देत. नाकाजवळच्या कोपऱ्यात, पापणीवरच, एक थेंब सोड आणि मग म्हण, आता उघड बघू. उघडला की थेंब आपोआप आत जातो. मोठ्यांना घालताना खालची पापणी हलकेच ओढून जो खिसा होतो त्यात थेंब टाकायचा, थेट बुबुळावर नाही. बाटलीचं टोक पापणीला, पापण्यांच्या केसांना, बोटाला, कशालाच लागू द्यायचं नाही.

आणि थेंब एकच. तीन-चार घातले म्हणजे लवकर गुण येईल असं सगळ्यांना वाटतं, पण डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा धड नसते. जास्तीचं औषध गालावर आणि घशात जातं. म्हणून मुलं म्हणतात, कडू लागलं. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं हलका दाबून धर, म्हणजे औषध नळीतून घशात उतरत नाही. दोन प्रकारचे थेंब दिले असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ देत, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, रात्री झोपताना, खालच्या पापणीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं. त्याने थोडा वेळ धूसर दिसतं, घाबरू नका.

बाटली घेताना दर वेळी नाव वाच, विशेषतः रात्री. कानाच्या थेंबांच्या बाटल्या हुबेहूब अशाच असतात आणि ते डोळ्यात गेले तर भयंकर झोंबतात, इजा होते. तसं कधी झालंच तर पहिल्यांदा नळाच्या पाण्याने डोळा दहा-पंधरा मिनिटं धुवायचा आणि मग दवाखाना गाठायचा. आणि ओवीचा कानही दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग. मुलांत डोळा आणि कान एकाच जिवाणूने एकदम धरले जातात, तेव्हा पोटातून औषध द्यावं लागतं.

सासूबाई गुलाबपाणी, मध, एरंडेल सुचवतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या काळात हाताशी तेवढंच होतं, आणि डोळे आठवड्याने आपोआप बरे व्हायचे म्हणून श्रेय त्या उपायाला मिळायचं. त्यांना म्हण, आई, गार पाण्याच्या घड्या तुम्हीच ठेवा, तुमचा हात हलका आहे. घड्या खरंच चांगल्या, त्याने आग शमते. डोळ्यात मात्र काही घालू द्यायचं नाही.

नुसतं बघून डोळे येत नाहीत, हेही त्यांना सांग. रोग हातांनी पसरतो. डोळा चोळलेला हात दाराच्या कडीला, मोबाइलला, पोळीच्या डब्याला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. ओवीचा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा काढ, रोज गरम पाण्यात धू, कडक उन्हात वाळव. तुझं काजळ आणि मस्कारा सध्या बंद. तुझे डोळे आले तर लेन्स लगेच काढ, ती जोडी आणि डबी दोन्ही टाकून दे आणि डोळे पूर्ण बरे होईपर्यंत चष्मा वापर. लेन्स वापरणारीचा लाल डोळा दुखायला लागला तर रात्रभरही थांबायचं नाही, कारण त्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असू शकतो आणि तो बुबुळाची फार झपाट्याने नासाडी करतो.

ओवीच्या बाबतीतही काही गोष्टी दिसल्या तर चिठ्ठीतले दिवस संपायची वाट बघू नकोस. डोळा टोचण्याऐवजी ठणकायला लागला, चिपडं पुसल्यावरही अंधूक दिसतंय म्हणाली, उजेडाकडे बघवेना, पापणीवर किंवा कपाळावर पाण्याचे फोड उठले, डोळ्याभोवती सूज येऊन ताप चढला, तर उठून निघ. साध्या डोळे येण्यात नजर जात नाही. नजर कमी झाली की तो साधा आजार नाही असंच धरायचं.

शाळेत पू थांबेपर्यंत पाठवू नकोस. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत तो थांबतो. बाईंना फोन करून खरं कारण सांग, पोटात दुखतंय वगैरे नको. वर्गात आणखी कुणाचे डोळे चिकटलेले असतील तर त्यांना कळेल, आणि त्या आयांपैकी कुणी तुला बाटलीचं नाव विचारलंच तर नाव सांगू नकोस, डॉक्टरांचा पत्ता दे.